कंपोझिशनचे प्रॅक्टिकल गटाला द्या : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
सर्व सदस्य, पत्रकारिता व जनसंवाद अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. पेपरांची नावे बदलली, क्रेडिट आले, फील्ड प्रोजेक्ट आला. फोटो आणि व्हिडिओच्या पेपरातले कंपोझिशनचे, म्हणजे फ्रेममधल्या मांडणीचे, प्रकरण मात्र होते तसेच पुढच्या फायलीत जात आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवते. माझी मागणी एकच आहे. कंपोझिशनचे प्रॅक्टिकल प्रत्येकाच्या वेगळ्या फोटो-फायलीवर घेणे थांबवा. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने एकाच जागी, एकाच कामावर केलेला प्रकल्प त्यासाठी ग्राह्य धरा. शेवटच्या वर्षी हौसेने करायचा लघुपट मला अभिप्रेत नाही. पहिल्याच वर्षी, कॅमेरा हातात येतो तेव्हापासून हे व्हावे.

आज काय चालते ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. जर्नलमध्ये एकेका नियमाला एकेक फोटो चिकटवलेला असतो. ‘लीडिंग लाइन्स’खाली रेल्वेचे रूळ, ‘सिल्हूट’खाली रंकाळ्यावरचा सूर्यास्त, ‘फ्रेम इन फ्रेम’खाली खिडकीतून पाहणारी मैत्रीण, ‘पॅटर्न’खाली मंडईतली लिंबे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात, पाने उलटतात, व्याख्या विचारतात, गुण देतात. या फोटोंत चूक काहीच नसते. पण हा फोटो कोणासाठी काढला, त्यात काय सांगायचे होते आणि काय गाळायचे होते, हे विचारण्याची जागाच त्या फायलीत ठेवलेली नाही. फोटो नियमाचा पुरावा म्हणून काढला जातो आणि नियम सिद्ध झाला की विषय संपतो.

सगळ्यात जास्त पाठ होणारा नियम ‘रूल ऑफ थर्ड्स’चा. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ सालच्या पुस्तकातून आले. निसर्गचित्रात जमीन आणि आकाश, उजेड आणि सावली यांचे प्रमाण निम्मे-निम्मे न ठेवता एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश ठेवले तर चित्र अधिक चांगले होते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे मुद्दा प्रमाणाचा होता : चित्रातल्या कोणत्या गोष्टीला किती जागा द्यायची, कोणाला मोठे करायचे आणि कोणाला मागे ठेवायचे. आपण फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडले, त्या रेषा जिथे छेदतात तिथे चार ठिपके केले आणि त्या ठिपक्यांवर माणसाचा डोळा बसवायला शिकवतो. मोबाइलमध्ये ग्रिड चालू केला की हे काम दहावीचा मुलगाही करतो. पदवीच्या वर्गात शिकवायचे ते याच्या पुढचे.

ते पुढचे काय, हे मला गुऱ्हाळावर गेल्यावर नीट दिसले, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

गुऱ्हाळ आमच्या मुलांना नवे नाही. निम्म्यांच्या घरचा ऊस कधी ना कधी गुऱ्हाळाला गेलेला असतो. चरकातून रस निघतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत असतात, रस उकळू लागला की मळी वर येते, ती काढतात, भेंडीचा चिकट रस घालून तो आणखी स्वच्छ करतात. पाक होत आला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो. त्याने मान डोलावली की काहील उतरते आणि सगळा पाक वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या उथळ हौदात, ओतला जातो. पुढे घोटणे, साच्यात भरणे, ढेपा. हे सगळे पाहिलेले असते, पण कोणी बसून ‘दाखवलेले’ नसते.

पाक वाफ्यात ओततात तो क्षण काही तासांनी एकदाच येतो आणि मिनिटभरात संपतो. त्या मिनिटात एकाला लांबून पूर्ण गुऱ्हाळ हवे असते, वाफेसकट, म्हणजे काहील केवढी मोठी आहे ते कळेल. एकाला पाकाची धार हवी असते. एकाला गुळव्याचा चेहरा. एकाला काहील ओढणाऱ्यांचे हात आणि रोवलेले पाय. एकटा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी चार ठिकाणी उभा राहू शकत नाही. तो बहुधा धार घेतो, कारण ती चमकते. आणि घरी येऊन त्याच्या लक्षात येते की नुसत्या धारेवरून ते गुऱ्हाळ आहे की कारखाना हेसुद्धा कळत नाही.

गट असला की आदल्या संध्याकाळी बसून ठरवावे लागते. कोण कुठे उभे राहणार, कोणाच्या फ्रेममध्ये कोण येणार नाही, कोणाचा शॉट कोणाच्या शॉटला जोडायचा आहे. माझ्या मते कंपोझिशनचा खरा पहिला धडा तिथे होतो, कारण फ्रेम लावण्याआधी ती शब्दांत सांगावी लागते. ‘मस्त फोटो घेतो’ एवढे बोलून भागत नाही. ‘मी चुलवाणाच्या बाजूने, गुडघ्यावर बसून, काहिलीची कड खाली आणि गुळव्याचा चेहरा वर असा घेणार’ असे म्हणावे लागते. मग दुसरी म्हणते, ‘तिकडून घेतलास तर वाफेमागे आकाश येईल, वाफ दिसणारच नाही.’ ती बरोबर असते. पांढऱ्या आकाशापुढे वाफ विरून जाते. मागे काळवंडलेली भिंत किंवा छपराखालचा अंधार असेल आणि उजेड वाफेच्या पलीकडून येत असेल, तरच ती उठून दिसते. पुस्तकात ‘बॅकलाइट’ एवढाच शब्द असतो. इथे त्यावर वाद होतो, दोघे जाऊन दोन्हीकडून घेऊन बघतात आणि तो शब्द कायमचा कळतो.

व्हिडिओत हे आणखी तीव्र होते, कारण व्हिडिओचा शॉट कधीच एकटा नसतो. काहिलीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून दोघे जण मळी काढत होते. एका मुलाने चुलवाणाच्या बाजूने एकाचा क्लोज-अप घेतला. दुसरीने पलीकडच्या बाजूने दुसऱ्याचा घेतला. दोन्ही शॉट सुरेख होते, हेडरूम, म्हणजे डोक्यावरची जागा, नीट, नजरेपुढे मोकळी जागा सोडलेली. वर्गात एकापुढे एक लावले, तर दोघेही उजवीकडेच बघत होते. समोरासमोर उभी असलेली माणसे एकमेकांकडे न बघता तिसऱ्याच कोणाकडे बघतायत असे वाटू लागले. लाइन क्रॉस होते म्हणजे काय, दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा हा एकशेऐंशी अंशांचा नियम कशासाठी आहे, हे फळ्यावर वर्तुळ काढून मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्या वर्गाला ते सांगावे लागले नाही. दोघांच्या शॉटचा संबंध दोघांनाच जोडायचा होता, त्यामुळे चूक आपोआप दिसली आणि दुरुस्त कशी करायची तेही त्यांनीच शोधले : मध्ये काहिलीचा वरून घेतलेला शॉट टाकला आणि बाजू बदलल्याचे खटकेनासे झाले.

तसेच शेजारी-शेजारी उभे राहून घेतलेल्या दोन मिड शॉटचे. ते एकापुढे एक लावले की चित्र उडी मारते. कॅमेऱ्याची जागा निदान तीस अंशांनी बदला किंवा शॉटचा आकार तरी बदला, हे सांगायला मिनिट पुरते, पण उडी आपल्याच कामात दिसली की ते विसरले जात नाही. एकट्याने शूट करणारा स्वतःच्या फुटेजमधल्या खाचा स्वतःच्या आठवणीने भरून काढतो, कारण मधे काय घडले ते त्याला माहीत असते. दुसऱ्याचे फुटेज जोडायला बसलेल्या मुलीला ती आठवण नसते. तिला फक्त जे दिसते ते दिसते. प्रेक्षकही तसाच असतो.

आता निवडीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने हा भाग शूटिंगपेक्षाही महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत १९३५ पासून मंदीच्या काळात ग्रामीण दारिद्र्याची छायाचित्रे काढण्याचे मोठे सरकारी काम झाले. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, गॉर्डन पार्क्स असे छायाचित्रकार त्यात होते आणि रॉय स्ट्रायकर हा त्या विभागाचा प्रमुख होता. तो छायाचित्रकारांना कोणत्या गोष्टी टिपायच्या याच्या तपशीलवार याद्या देई. त्यातून उभा राहिलेला संग्रह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, नुसती कृष्णधवल निगेटिव्हच सुमारे पावणेदोन लाख. ठरवून केलेल्या सामूहिक कामाची ताकद त्यात दिसते. पण हाच स्ट्रायकर सुरुवातीच्या वर्षांत नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत असे. छायाचित्रकार त्यावर चिडले, आणि योग्यच चिडले. भोक पडलेली ती चित्रे आजही त्या संग्रहात पाहता येतात, मध्ये काळा गोल असलेली.

आपले परीक्षक आणि आम्ही शिक्षक, दोघेही आज त्या पंचसारखेच काम करतो. ‘हा घे, हा नको.’ विद्यार्थ्याला कारण कळत नाही आणि कारण कळल्याशिवाय पुढच्या वेळी त्याची नजर बदलत नाही. गटात निवड करायची तर मी थोडी शिस्त पाळायला लावते. सगळ्यांचे फोटो एकाच पडद्यावर, कोणाचा कोणता ते न सांगता. ज्याचा फोटो असेल त्याने आधी बोलायचे नाही. बाकीच्यांनी ‘छान’ किंवा ‘बोअर’ असे न म्हणता डोळा आधी कुठे गेला, मग कुठे गेला आणि कुठे अडकला एवढेच सांगायचे. ‘आधी मागच्या लाल प्लॅस्टिकच्या बादलीकडे गेला’ असे तिघांनी सांगितले की फोटो काढणाऱ्याला बादली दिसते. काढताना ती त्याला दिसलीच नव्हती, कारण तो गुळव्याकडे बघत होता. पुढच्या वेळी तो आधी फ्रेमच्या चारही कडा बघतो. शेवटी दहा फोटो ठेवायचे आणि शंभर गाळायचे, आणि गाळलेल्यांपैकी निदान काहींचे कारण दोन ओळींत लिहायचे. हे लिहिलेले कागद मला तयार फिल्मपेक्षा जास्त सांगून जातात.

आता आपली हरकत. ‘गटाचे काम म्हणजे एक जण राबणार आणि पाच जणांची नावे लागणार.’ ही हरकत खोटी नाही. असे होते आणि ते अन्यायाचे आहे. त्याहून मोठा अन्याय मला दिसतो तो असा, की गट मोकळा सोडला तर कॅमेरा मुलाच्या हातात जातो आणि मुलीच्या हातात माइक किंवा स्क्रिप्टची वही येते. कोणी मुद्दाम करत नाही, सवयीने होते. ‘तू बोल, तुझा आवाज चांगला आहे,’ असे प्रेमाने म्हटले जाते आणि तीन वर्षे संपतात तेव्हा त्या मुलीने एकही लांब शॉट घेतलेला नसतो. ज्याचा फोन भारी तो कॅमेरामन, हा दुसरा अलिखित नियम. खेड्यातून एसटीने येणाऱ्या, घरात एकच फोन असलेल्या मुलांचे त्यात काय होते ते वेगळे सांगायला नको.

यावर उपाय गट मोडणे हा नाही. आपण अभ्यासक्रमाच्या कागदावर एक ओळ लिहावी : प्रत्येक विद्यार्थ्याने प्रकल्पात कॅमेरा, संकलन, आवाज आणि नियोजन ही चारही कामे आळीपाळीने केलीच पाहिजेत. ही ओळ सिलॅबसमध्ये छापली गेली की शिक्षकाच्या हातात जोर येतो. आज मी हे सांगते तेव्हा ती माझी आवड ठरते. गुणांचेही तसेच. तयार कामाला गट म्हणून चाळीस टक्के ठेवा. उरलेले साठ टक्के प्रत्येकाचे स्वतंत्र असू द्या : त्याने स्वतः घेतलेले रॉ फुटेज, गाळलेल्या फोटोंवरची टिपणे आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. व्हायवात व्याख्या विचारू नका. गटाने संकलनात लावलेल्या शॉटची टाइमलाइन उघडा, एक शॉट थांबवा आणि ज्याने तो घेतला नाही त्याला विचारा की हा इथे का ठेवलात आणि आधीचा का काढलात. काम न केलेला विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाला सापडतो. हे मी आमच्या इंटर्नल परीक्षेत करून बघितले आहे आणि एक्स्टर्नलला ते जमणार नाही असे काही त्यात नाही.

दुसरी हरकत साधनांची. त्यासाठी महागडे कॅमेरे लागत नाहीत, आणि खरेदीचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. पहिल्या वर्षाला फोन पुरतो, त्याच्या मर्यादा शिकवल्या तर. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, त्यामुळे चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन घेतले की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पावले मागे जायला शिकवावे लागते. चुलवाणाच्या जाळासमोर फोनचे ऑटो एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचे आपोआप ठरणारे प्रमाण, सतत वर-खाली होते, तर पडद्यावर बोट दाबून धरले की बऱ्याच फोनमध्ये ते बांधता येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले नाही तर व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात. हे आमच्या मुलांना माहीत नसते, कारण इंटरनेटवरचे कित्येक धडे ६० हर्ट्झच्या देशांत तयार झालेले असतात. आणि सगळ्यात आधी ठरवायचे ते आडवे की उभे. गटातल्या निम्म्यांनी आडवे आणि निम्म्यांनी उभे घेतले की काम फुकट जाते. मी उभ्या फ्रेमच्या विरोधात नाही. बातमी आता फोनवरच बघितली जाते. पण उभ्या फ्रेममध्ये समोरासमोरची दोन माणसे शेजारी मावत नाहीत, एक वर आणि एक खाली, एक जवळ आणि एक लांब अशी मांडावी लागतात. काहिलीचा पूर्ण गोल आडव्यात सहज येतो, उभ्यात तो कापायचा कुठे हे ठरवावे लागते. हा निर्णय गटाने शूटच्या आधी घ्यायचा असतो आणि त्यावर भरपूर भांडण होते. ते होऊ द्यावे.

महाविद्यालयाने द्यायचे ते एवढेच : एक अंधार करता येईल अशी खोली, एक प्रोजेक्टर आणि वेळापत्रकातले सलग तास. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास मिळतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. त्यातली पहिली भेट कॅमेऱ्याशिवाय असावी. नुसते बघायचे, माणसांशी बोलायचे, परवानगी घ्यायची. हे परवानगीचे मला ठासून सांगायचे आहे. कामात असलेल्या माणसाच्या तोंडापुढे फोन धरणे म्हणजे पत्रकारिता अशी समजूत पोरांची होत चालली आहे. गुऱ्हाळावरचे कामगार हंगामापुरते घर सोडून आलेले असतात. त्यांचे झोपडे, त्यांची उघडी अंगे, त्यांची लहान मुले काय कोणत्या कोनातून दाखवायचे हा कंपोझिशनचाच प्रश्न आहे. वरून खाली बघणारा कॅमेरा माणसाला लहान करतो आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेला शॉट त्याला बरोबरीने उभा करतो. पाच जणांच्या गटात निदान एक जण तरी ‘हे दाखवू नको’ म्हणणारा निघतो. एकट्याच्या फायलीत तो आवाज नसतो.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना बाबूराव पेंटरांची आठवण होणे साहजिक आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने आपले चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी कॅमेरा इथेच बनवला, आणि त्यात विष्णुपंत दामले त्यांच्यासोबत होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम अशी माणसे एकत्र राबून शिकली. नेपथ्य रंगवणारा कॅमेऱ्यामागे डोकावत होता, कॅमेऱ्यामागचा रसायनशाळेत जात होता. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी आणखी दोन भागीदारांसह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली, ती १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, जिथे आजही कॅमेरा, संकलन, ध्वनी आणि दिग्दर्शनाचे विद्यार्थी एकमेकांच्या फिल्म मिळून करतात. म्हणजे आपल्याच भूमीत ही कला गटाने शिकली गेली. पदवी महाविद्यालयांत तिची वैयक्तिक जर्नले कधी झाली, कोणास ठाऊक. बहुधा गुण देणे सोपे जाते म्हणून.

गुऱ्हाळच हवे असा माझा आग्रह नाही. नाशिकच्या महाविद्यालयाने कांद्याचा लिलाव घ्यावा, मालवणच्या मुलांनी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढताना घ्यावी, मुंबईच्या मुलांनी धोबीघाट किंवा डबेवाल्यांची स्टेशनवरची अदलाबदल घ्यावी. अट एवढीच की तिथे एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होत असावे, ते अनेक हातांनी होत असावे, आणि त्यात एखादा क्षण असा असावा जो पुन्हा ‘वन्स मोअर’ म्हणून मिळत नाही.

पुढच्या बैठकीत कंपोझिशनचे प्रकरण चर्चेला येईल तेव्हा ‘वीस छायाचित्रांची फाइल’ ही ओळ खोडून तिथे गट प्रकल्प, आळीपाळीची अट आणि गुणांची विभागणी लिहावी, अशी आग्रहाची विनंती आहे. मूल्यमापनाचा नमुना तक्ता आणि आमच्या मुलांची गाळलेल्या फोटोंवरची टिपणे, त्यांची नावे काढून, मी कोणत्याही मंडळाला द्यायला तयार आहे. आणि हंगाम चालू असताना आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर अवश्य यावे. पाक उतरायची वेळ आदल्या दिवशी विचारून कळवता येते.

कळावे,
आपली नम्र,
छायाचित्रण व व्हिडिओ निर्मिती शिकवणारी एक प्राध्यापिका,
कोल्हापूर जिल्हा